बांधापाशीं थांबणारा रस्ता

सदाशिव पेठेंतून शनिवार पेठेकडे पायीं निघालेल्या माणसाला वाटेंत एखादी मिरवणूक आडवी आली, तरी तो फारसा खोळंबत नाहीं. तो शेजारच्या बोळांत वळतो, चार घरें ओलांडून पुढच्या रस्त्याला लागतो आणि आपल्या ठिकाणीं पोंचतो. तोच माणूस बाणेर किंवा वाघोलीच्या बाजूला राहावयास गेला, तर समोरच्या इमारतींतील दिवे त्याला सज्जांतून दिसतात. परंतु तेथें जावयाचें म्हणजे पुष्कळदां आधीं हमरस्त्यावर येऊन, मोठा वळसा घालून, दुसऱ्या फाटकानें आंत शिरावें लागतें. रस्ते दोन्ही ठिकाणीं आहेत. नव्या वस्तींतले तर अधिक रुंद आहेत. फरक आहे तो रस्त्यांच्या परस्परांशीं असलेल्या जोडणींत.

ही जोडणी मोजण्याची एक रीत फार सोपी आहे. रस्ते जेथें एकमेकांना मिळतात किंवा संपतात, तेथें किती वाटा फुटतात तें पाहावयाचें. चौकाच्या चार, तिठ्याच्या तीन आणि बंद बोळाच्या टोंकाची एक. यांची सरासरी जितकी मोठी, तितकी वस्ती गुंफलेली. जितकी लहान, तितकी ती विस्कळीत. अमेरिकेंतील रस्त्यांचा शतकभराचा असा हिशेब बॅरिंग्टन-ली व मिलार्ड-बॉल या दोन अभ्यासकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केला. तेथें हा विस्कळीतपणा १९९४ च्या सुमारास कळसास पोंचला आणि त्यानंतरच्या वसाहतींत जोडणी पुन्हां सुधारूं लागली, असें त्यांना आढळलें.

पुण्याची कथा निराळी आहे. कसब्याचे बोळ वांकडेतिकडे, परंतु पेशवाईंत वसलेल्या सदाशिव, नारायण या पेठांची आंखणी पुष्कळशी सरळ, काटकोनांत छेदणाऱ्या रस्त्यांची. तुळशीबागेसारख्या आवारालाहि एकाहून अधिक दरवाजे असल्यामुळें तें आवारच जाण्यायेण्याची वाट बनलें. अर्थात् पेठांचे गोडवे गातांना त्यांतील कोंदटपणा विसरतां येत नाहीं. १८९७ च्या प्लेगांत दाट वस्तीच्या या शहरानें काय भोगलें, हें सर्वश्रुत आहे. रुंद रस्ते आणि मोकळी हवा यांची मागणी योग्यच होती.

ती मागणी जोडणीचा बळी न देतां पुरी करण्याची युक्ति मुंबई इलाख्यांत १९१५ च्या नगररचना कायद्यानें आणली. हिचें मर्म थोडें समजून घेण्याजोगें आहे. शेताचा आकार नांगराच्या, पाटाच्या आणि भाऊबंदांच्या वांटणीच्या सोयीनें ठरलेला असतो. घरें बांधण्याच्या सोयीनें नव्हे. म्हणून या योजनेंत सर्व मालकांची जमीन एका नकाशावर एकत्र मांडतात, जुने बांध मोडतात, रस्ते आधीं आंखतात, आणि मग प्रत्येकाला त्याच्या वांट्याचा, आकारानें लहान पण रस्त्याला लागून असलेला तुकडा परत देतात. जमीन थोडी जाते, परंतु उरलेलीचें मोल वाढतें. भांबुर्ड्यांत, म्हणजे आजच्या शिवाजीनगरांत, अशी योजना झाली.

पुढें वाढीचा वेग या पद्धतीला आवरला नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनच्या कारखान्याची स्थापना झाली आणि त्यामागून उद्योगांची रांग लागली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, नदीकांठचीं घरें वाहून गेलीं, आणि हजारों कुटुंबांना गांवाबाहेर वसवावें लागलें. विसाव्या शतकाच्या अखेरीस हिंजवडी संगणक-उद्योगाचें ठाणें झाली. १९५१ सालीं महापालिकेच्या हद्दींत सुमारें पांच लाख लोक होते. २०११ मध्यें ते एकतीस लाखांवर गेले. हद्दींत २०१७ सालीं ११ आणि २०२१ सालीं आणखी २३ गांवें आलीं, पण तीं येण्यापूर्वींच त्यांतल्या कित्येकांत इमारती उभ्या होत्या.

त्या उभ्या राहिल्या एकेका सर्व्हे नंबरावर. विकास-आराखड्यानें मोठे रस्ते दाखविले; लहान रस्ते ज्याच्या त्याच्या जमिनींतच राहिले. एका मालकानें आपल्या शेतांत रस्ता काढला, तो बांधापाशीं थांबला. शेजाऱ्यानें दहा वर्षांनीं काढला, तोहि त्याच बांधाच्या दुसऱ्या बाजूस थांबला. मध्यें भिंत उठली. एके काळीं बैलगाडी जाणारी पाणंदहि ठिकठिकाणीं कुंपणांत गेली. परिणामीं शाळेची गाडी, दवाखान्याची गाडी आणि भाजी आणावयास निघालेली आजी, या सर्वांना तोच एक हमरस्ता उरतो. बस आंत शिरून दुसरीकडून बाहेर पडूं शकत नाहीं, म्हणून ती आंत जातच नाहीं. मग घरटीं दोन वाहनें येतात आणि तो हमरस्ता अधिकच तुंबतो. उड्डाणपुलानें हें दुखणें बरें होईल असें मानणाऱ्यांनीं एकदां नकाशावरचे बंद बोळ मोजून पाहावेत.

शेतकऱ्यांना एकत्र येणें जमत नाहीं, हा आक्षेप मात्र टिकत नाहीं. हडपसरजवळ मगरपट्ट्यांतील शंभरावर कुटुंबांनीं सुमारें चारशें एकर जमीन एकत्र करून २००० सालाच्या सुमारास वसाहत उभारली. म्हाळुंगे-माण येथें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानें १९१५ चीच रीत पुन्हां हातीं घेतली. जेथें अद्याप शेतें आहेत, तेथें ती लागू पडते.

जेथें भिंती उठल्या आहेत, तेथें मोटारीची वाट मिळणें कठीण. सोसायटीला एकच फाटक हवेंसें वाटतें, त्यामागें चोरांची भीति असते, आणि ती खोटी नाहीं. परंतु पायीं जाणाऱ्यापुरतें चार फुटांचें दार त्या भिंतींत बसवावयास सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाहीं. दोन्ही सोसायट्यांच्या सभांनीं मनावर घेतलें तर तें होऊं शकतें, आणि रात्रीं दहा वाजतां त्याला कुलूपहि घालतां येतें.