अडलेले पाणी आणि जिरलेले पाणी



धारवाडच्या उंचवट्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. गावाच्या दक्षिणेस सोमेश्वराच्या देवळापाशी शाल्मला उगम पावते आणि पुढे बेडती व गंगावळी या नावांनी सह्याद्री उतरून अरबी समुद्राला मिळते. पूर्व उताराचे पाणी बेण्णीहळ्ळासारख्या ओढ्यांतून मलप्रभेला, तेथून कृष्णेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला जाते. शाळेच्या भूगोलात ही वाटणी शिकविली जाते. दुसरी एक वाटणी नकाशावर दाखविता येत नाही, म्हणून ती दुर्लक्षित राहते: पडलेल्या पाण्यापैकी वाहून किती गेले आणि मुरले किती. ही वाटणी काही अंशी जमिनीचा पोत ठरवितो. बाकीची, त्या जमिनीचा माणूस जो वापर करतो त्यावर ठरते.

एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. उघड्या जमिनीवर वळवाचा टपोरा थेंब आदळला की मातीचे कण सुटतात, बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि वर पापुद्रा धरतो. त्यानंतरचे पाणी आत शिरतच नाही. त्याच जमिनीवर पालापाचोळा असेल तर थेंबाचा जोर वरच मोडतो. कुजलेल्या मुळांच्या नळ्या, गांडुळांची आणि वाळवीची बिळे यांतून पाणी खोल उतरते. गुरांच्या खुरांनी तुडविलेली, सरपणासाठी रोज झाडून नेलेली जमीन या नळ्या हरवून बसते. वरून ती हिरवी दिसली तरी आतून मिटलेली असते.

धारवाड जिल्ह्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण येथे दोन प्रकारच्या माती एकमेकींना भेटतात. धारवाड आणि कलघटगीच्या बाजूस मलनाडाची तांबडी, मुरमाड जमीन. हुबळीच्या पुढे नवलगुंद आणि अण्णिगेरीकडे सपाट, खोल काळी रान. काळ्या मातीतील चिकणकण पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्यावर आक्रसतात. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पहिला पाऊस त्या भेगांतून घटाघट आत जातो. पण माती फुगून भेगा मिटल्या की तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी मुरते. म्हणूनच या भागातील शेतकरी खरिपात जमीन कुळवून ठेवीत आणि साठलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी, करडई घेत. कुळवाच्या पाळ्यांनी वरचा थर भुसभुशीत राही आणि भेगांतून ओल उडून जात नसे. पुस्तकी मृदाशास्त्र येथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीचे हे शहाणपण होय.

महाराष्ट्रात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा घरोघरी पोहोचली. तिच्यात दोन क्रियापदे आहेत, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. अडविलेले पाणी जिरतेच असे नाही. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि दख्खनच्या अवर्षणप्रवण प्रदेशात जमीन सुधारण्यासाठी मुंबई सरकारने १९४२ साली कायदा केला होता. त्या काळापासून समपातळी बांधांचे मोठे काम झाले. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत हे बांध उपयोगी पडले. खोल काळ्या जमिनीत बांधामागे पाणी तुंबले, पिके पिवळी पडली, आणि वाळलेल्या बांधाला भेग पडली की पुढच्या पावसात तो तेथूनच फुटे. जादा पाणी सावकाश बाहेर नेणारे ढाळीचे बांध अशा जमिनीसाठी योग्य, हे पुढे मान्य झाले. याच मातीचा दुसरा गुण मात्र गावांना तारतो. नवलगुंदकडे भूजल बऱ्याच ठिकाणी खारे आहे, आणि पाणी न जिरू देणाऱ्या काळ्या मातीवरची तळीच तेथे पिण्याचे पाणी धरून ठेवतात. जिरणे हे सर्वत्र हिताचेच, असेही म्हणता येत नाही.

झाडांविषयीचा समजही थोडा तपासून पाहावयास हवा. १९८४ साली सरकार आणि एक खाजगी कारखाना यांच्या संयुक्त कंपनीकडे लगद्याच्या लाकडासाठी सुमारे ३०,००० हेक्टर सामायिक जमीन सोपविण्याचे ठरले. कागदोपत्री ही जमीन पडीक होती; गावकऱ्यांच्या लेखी ते गायरान होते, चाऱ्याची आणि सरपणाची जागा होती. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यातील, आणि १९९७ पासून हावेरी जिल्ह्यात असलेल्या, कुसनूर येथे लोकांनी निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी उपयोगाची झाडे लावली. ‘कित्तिको-हच्चिको’, म्हणजे उपटा आणि लावा, असे या सत्याग्रहाचे नाव. १९९१ साली ती कंपनी गुंडाळली गेली.

पाण्याच्या हिशेबात निलगिरीवरचा आक्षेप कितपत टिकतो? शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील रानांत मोजणी करून संशोधकांनी २०१० आणि २०१३ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते येथे मार्गदर्शक ठरतात. नैसर्गिक जंगलाखालची माती सर्वांत जास्त पाणी आत घेते. तुडविलेल्या, खुरटलेल्या रानाची ही शक्ती घटते. तेथे ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली तर ती काही अंशी परत येते. पण झपाट्याने वाढणारे झाड मुळांनी पाणी ओढून हवेत सोडतेही. मातीने घेतले किती आणि झाडाने प्यायले किती, हे दोन्ही आकडे मांडल्यावाचून विहिरीला काय मिळाले ते कळत नाही. लागवड झाली म्हणजे झरा वाहू लागेल, ही समजूत भाबडी आहे. आणि प्रत्येक परदेशी झाड जमीन कोरडी करते, हीसुद्धा.

शहराकडे वळले की हा हिशेब दु:खदायक रीतीने सोपा होतो, कारण काँक्रीटमधून काहीच मुरत नाही. शंभर चौरस मीटरच्या छपरावर धारवाडच्या साधारण ८०० मिलिमीटर पावसात वर्षाला ८०,००० लिटर पाणी पडते आणि बहुतेक गटारात जाते. साधनकेरी, केलगेरी, नुग्गीकेरी या नावांतील ‘केरी’ म्हणजे तळे. तांबड्या उतारांवरच्या बागांत, आमरायांत आणि परसांत मुरलेले पाणी अशा तळ्यांना आणि भोवतीच्या विहिरींना पाझरत येई. ज्यांची मातृभाषा मराठी होती ते कन्नड कवी द. रा. बेंद्रे याच साधनकेरीच्या काठी राहत. उतारांवर घरे झाली, अंगणांत फरश्या आल्या, हुबळी-धारवाड रस्ता रुंद होताना त्याच्या कडेची जुनी झाडे गेली. आता पाऊस पडताच पाणी तळ्याकडे धावते, सोबत सांडपाणी आणि गाळ आणते. आणि पाऊस थांबला की पाझरही थांबतो.

बेडतीच्या खोऱ्यातील नीरसागर जलाशय अवर्षणाच्या वर्षांत आटल्याचा अनुभव या जुळ्या शहरांना आहे. त्यांची मुख्य भिस्त सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणावर, म्हणजे मलप्रभेवर आहे. ती उगम पावते खानापूर तालुक्यात कणकुंबीला. तेथील मराठीभाषक गावांभोवतीच्या रानात पावसाळ्यात जे मुरते, त्याचा काही भाग धारवाडच्या नळाला येतो. ते रान कसे वापरले जाते, याची चौकशी धारवाडच्या महानगरपालिकेत सहसा कोणी करीत नाही, आणि तशी ती करण्याचा अधिकार तिला कोणत्या कायद्याने दिलेलाही नाही.