अनावर खाणे आणि चयापचय

कुंभकोणमच्या नैऋत्येस काही किलोमीटरवर पट्टीश्वरम् हे गाव आहे. कावेरीच्या खोऱ्यातील हा मुलूख भाताचा, देवळांतील प्रसादाचा आणि केळीच्या पानावरील पंगतींचा. जवळच्याच तंजावरला, सरस्वती महाल ग्रंथालयात, सरफोजीराजांच्या काळातील मराठी पाकशास्त्राचा ग्रंथही जपलेला आहे. अशा प्रदेशात अतिभक्षणाचा विचार करताना सणासुदीला चार घास अधिक घेणारा माणूस प्रथम बाजूस ठेवला पाहिजे. तो रोगी नव्हे.

रोगी निराळा असतो. भूक नसतानाही तो भराभर, पोट दुखेपर्यंत खातो, बहुधा एकटाच. हात आवरता येत नाही आणि मागाहून स्वतःचीच किळस वाटते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकर्ड ह्यांनी १९५९ मध्ये स्थूल रुग्णांच्या ह्या खाण्याचे वर्णन केले. स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकन मानसोपचार संघटनेने त्यास मान्यता दिली ती मात्र २०१३ मध्ये! आठवड्यातून सरासरी एकदा तरी, तीन महिने असे घडणे ही त्याची खूण होय.

एकाच वेळी एवढे अन्न पोटात गेले, की रक्तातील साखर व मेद वाढतात आणि स्वादुपिंडास अधिक इन्शुलिन सोडावे लागते. हे वारंवार घडल्यास यकृतात मेद साचतो व इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. दोष केवळ वजनाचा, असे कोणी म्हणेल. परंतु २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हा विकार असलेल्या १३४ व्यक्तींची तुलना तितक्याच वजनमानाच्या, पण विकार नसलेल्या १३४ व्यक्तींशी केली गेली. पाच वर्षांत रक्तदाब, मेद व मधुमेह ह्यांच्या तक्रारी पहिल्या गटात अधिक आढळल्या.

भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘उद्यापासून भात बंद’. अनावर खाणाऱ्यास हाच सल्ला घातक ठरतो. दिवसभराची उपासमार रात्री भांडे रिकामे करूनच थांबते, आणि लाजेपायी तो वैद्यापाशी अवाक्षर काढीत नाही. इन्शुलिन घेणाऱ्याने जेवण टाळले, तर साखर एकदम उतरून भुकेचा डोंब उसळतो, तो वेगळाच. ठरल्या वेळी नियमित जेवण आणि विचार-वर्तन उपचार ह्यांनी खाण्याचे झटके कमी होतात. वजन तेवढ्याने फारसे उतरत नाही. म्हणून साखर, रक्तदाब व मेद ह्यांची तपासणी स्वतंत्रपणे चालू ठेवावी लागते.