‘ये’ म्हटले की यावे



अकोल्याहून, माझ्या माहेराहून, आणलेला आमचा मोती वीतभर, पण हट्ट हातभर! हाक मारली की उलटा पळे. मी मागे धावे, त्याला तो खेळच वाटे. एकदा फाटकातून निसटून येथे राजापेठेच्या रस्त्यावर गेला. ट्रकखालून थोडक्यात वाचला. परत आल्यावर मी त्याला चोपले. चूक माझीच. कुत्रे शिक्षेचा संबंध नुकत्याच केलेल्या कृतीशी जोडते. ‘घरी आलो म्हणून मार बसला’, एवढेच तो शिकला.

मग मी रीत बदलली. पाठलाग बंद. अंगणात लांब दोरी बांधून एकदाच ‘ये’ म्हणायचे आणि आपणच चार पावले मागे सरायचे. आला की लगेच भाकरीचा तुकडा अन् शाबासकी. घरातल्या सर्वांचा शब्द एकच. धडा पाचच मिनिटांचा, दिवसातून दोनदा. आपल्या वऱ्हाडी उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकर, कारण तापल्या डांबराने पंजे पोळतात.

परवा फाटक पुन्हा उघडे राहिले. मोती रस्त्याकडे धावला. मी हाक मारली, “ये!” तो थबकला, वळला आणि पायाशी येऊन बसला.

म्हणून सांगते, रागावण्यासाठी त्याला कधी हाक मारू नका.