शिक्षा कशासाठी?

मंडळी, गावात चोर सापडला की चार तोंडांतून चार गोष्टी निघतात. एक म्हणतो, "केलंय तसं भोगू दे." दुसरा म्हणतो, "चांगली अद्दल घडवा, म्हणजे पुन्हा कुणी धजणार नाही." तिसरा म्हणतो, "घाला आत, गावाला तेवढीच शांतता." एखादी म्हातारी मात्र म्हणते, "अरे, पोर आहे. समज द्या, सुधारेल." गंमत अशी की कायद्याच्या पोटातही हे चारही विचार आहेत. न्यायाधीश ते तोलून शिक्षा ठरवतो. पण ज्याचं नुकसान झालं, त्याचं काय? दंडाच्या रकमेतून त्याला भरपाई देववण्याचा अधिकार कोर्टाला आहे. पुष्कळ लोकांना हे ठाऊकच नसतं!

पूर्वी १८६० सालची दंडसंहिता होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात फाशी, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्ती, दंड आणि समाजसेवा अशा शिक्षा आहेत. कैद दोन तऱ्हेची. साध्या कैदेत कामाची सक्ती नसते, सक्तमजुरीत काम करावंच लागतं. फटक्यांची शिक्षा १९५५ साली कायद्याने बंद झाली. तेव्हा चोराला झाडाला बांधून बडवणं ही शिक्षा नव्हे, तो दुसरा गुन्हा.

समाजसेवा ही शिक्षा नवी आहे. पाच हजार रुपयांच्या आतली चोरी असली, पहिल्यांदाच दोषी ठरला असला आणि चोरलेला माल किंवा त्याची किंमत परत केली, तर कोर्ट त्याला लोकांच्या उपयोगाचं काम बिनपगारी करायला लावतं. कोवळ्या पोराने तुरुंगात जाऊन पक्का चोर होऊन यावं, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, असं आमचं मत आहे. शिवाय १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने काही गुन्ह्यांत चांगल्या वागणुकीचं हमीपत्र घेऊनही सोडता येतं.

"जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं," असं चावडीवर सांगतात. ते खरं नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. सरकार सूट देऊ शकतं. पण ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात चौदा वर्षं भरण्याआधी सोडता येत नाही. म्हणजे चौदा वर्षं ही अट आहे, सुटकेचा हक्क नव्हे. फाशी तर अगदी विरळातल्या विरळ प्रकरणातच द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितलं. सेशन कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही.

म्हातारीचं म्हणणं भाबडं वाटतं ना? मग सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर पाहा. औंध संस्थानात १९३९ साली ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रिडमन या मूळच्या पोलिश इंजिनियरची, पाठबळ राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींचं. उंच भिंती नाहीत. खुनासारख्या गुन्ह्यातले कैदी तिथे बायकापोरांसह राहिले, शेती पिकवली. त्यावरूनच व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट काढला. अर्थात सगळेच कैदी तिथे पाठवत नाहीत, वागणूक पाहून निवडतात.

आपल्या घरातलं कुणी अडकलं, तर वकिलाच्या पैशासाठी जमीन गहाण टाकण्याआधी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतल्या माणसाला, बाईमाणसाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला वकील फुकट मिळतो. निकालाआधी कोठडीत काढलेले दिवस मुदतीच्या कैदेतून वजा होतात. कैदेची शिक्षा झाली तर निकालाची एक प्रत आरोपीला लगेच, विनामूल्य देतात. ती मागून घ्या. आता वाचता येतंय, तेव्हा कलम कोणतं, शिक्षा किती, वजा दिवस किती, हे बोट ठेवून वाचा. दिवसांचा हिशेब जुळला नाही, तर त्याच समितीच्या वकिलाला विचारा.