नऊ सकाळी आणि दहा किलोमीटर

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु तो आढावा कार्यवाहांनी आताच इतक्या नेटकेपणाने घेतला की माझ्यासाठी काही उरलेले नाही. म्हणून मी दुसऱ्या एका वाटचालीविषयी बोलणार आहे. ती दहा किलोमीटरची होती आणि तिला मला एक तास चौतीस मिनिटे लागली.

गेल्या जानेवारीत आपल्या शहरात रस्त्यावरची धावण्याची शर्यत झाली. महोत्सवी वर्ष आहे, शाळेचा संघ उतरवावा, असे क्रीडाशिक्षकांनी सुचवले. नववी-दहावीच्या अठरा मुलामुलींनी नावे दिली. ‘शिक्षकांपैकी कोण?’ असे त्यांनी शिक्षककक्षात विचारताच सर्वांना एकाएकी तपासायच्या वह्या आठवल्या. ती शांतता मला सहन झाली नाही आणि ‘माझे नाव घाला’ असे मी म्हणून गेले. माझे वय चौपन्न. शेवटची धावले होते ती बहुधा महाविद्यालयात असताना, सुटणारी बस पकडण्यासाठी.

शर्यतीला सहा आठवडे होते. सहा आठवडे म्हणजे अगदीच थोडा काळ नव्हे. नियमाने आठवड्यातून तीन-चार वेळा चालत-धावत गेले असते, तर शरीराला पुष्कळ शिकवता आले असते. मी एक वही केली, तीत तक्ता आखला, लाल शाईने रकाने पाडले. तक्ता उत्तम झाला होता. पुढे सत्र परीक्षेचे निकालपत्रक आले, मग स्नेहसंमेलन आले, मग एका लग्नासाठी पुण्याला जाणे झाले. शर्यतीच्या आदल्या रात्री वही उघडली तेव्हा बरोबरच्या खुणा नऊ होत्या. सहा आठवड्यांत कमाटीबागेत नऊ सकाळी, त्यांतल्या दोन नुसत्या चालण्याच्या! माजी विद्यार्थ्यांनो, परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसण्यावरून मी तुम्हांला काय काय बोलले आहे, ते तुम्हांला आठवत असेल. मलाही त्या रात्री ते शब्दशः आठवले.

शहाणपण एकच केले होते. डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब आणि हृदय तपासून घेतले होते. पन्नाशी ओलांडलेल्या पालकांपैकी कोणाला माझे उदाहरण पाहून उत्साह आला, तर निदान तेवढे तरी उचला. बाकी चुका मी यथासांग केल्या. नवे बूट चार दिवस आधी घेतले. सकाळी साडेपाचला, शक्ती हवी म्हणून, दोन पराठे खाल्ले. आणि सुरुवातीला ढोल वाजत होता, मुले ‘बाई, बाई’ म्हणून ओरडत होती, म्हणून पहिला किलोमीटर मी ज्या वेगाने धावले तो माझा वेग नव्हता. तो त्या ढोलाचा होता.

धावताना शेजाऱ्याशी एक पुरे वाक्य बोलता आले पाहिजे, नाहीतर वेग जास्त आहे असे समजावे, हे मला क्रीडाशिक्षकांनी सांगितले होते. दुसऱ्या किलोमीटरला दांडिया बाजारात मला ‘हो’सुद्धा धड म्हणता येत नव्हते. याच दांडिया बाजारात प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराने बडोद्याच्या पिढ्यांना कवायत शिकवली. त्या परिसरातून एका मराठी शाळेची मुख्याध्यापिका धापा टाकीत चालली होती, याचे मला थोडे वाईट वाटले. रस्त्याकडेला दुधाच्या पिशव्या उतरवणारे एक गृहस्थ म्हणाले, ‘बेन, धीमे धीमे!’ त्यांचे मी ऐकले. तिथून पुढे दोन मिनिटे धावायचे आणि एक मिनिट चालायचे, असा क्रम धरला. त्यानेच मी शेवटापर्यंत पोहोचले. धाप दहा मिनिटांत बसली. टाचेचा फोड आणि पोटऱ्यांचे गोळे मात्र बसले नाहीत. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांच्या सरावाने सावरू लागतात, पण हाडांना नि स्नायूंना जोडणाऱ्या कंडरांना त्याहून बराच जास्त काळ लागतो, आणि त्यांच्यासाठी आयत्या वेळची युक्ती नसते.

धावता धावता विचार करायला वेळ पुष्कळ होता. मला डेक्कन जिमखान्याची गोष्ट आठवली, जी मी इतिहासाच्या तासाला कित्येकदा सांगितली आहे. पुण्याला १९१९ साली जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत आसपासच्या खेड्यांतले शेतकरी लांब पल्ल्याच्या शर्यतीत अनवाणी धावले. त्यांना कोणी तंत्र शिकवले नव्हते. तरी त्यांनी घेतलेला वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपासचा आहे, हे पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा चकित झाले. त्यातूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडूंचा संघ पाठवण्याची खटपट झाली. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, दोन तास पन्नास मिनिटांत.

ही गोष्ट सांगताना ‘कसलाही सराव नसताना’ हे शब्द मी नेहमी मोठ्या अभिमानाने उच्चारीत असे. पाचव्या किलोमीटरला ते शब्द मला खोटे वाटू लागले. सराव नसलेली मी होते. ते शेतकरी रोज नांगरामागे चालत होते, ओझी वाहत होते, बाजाराला पायी जात-येत होते. त्यांचा सराव कोणत्याही वहीत नव्हता, एवढेच. माझा केवळ वहीत होता.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला संकोच वाटतो. पण त्याचसाठी हा विषय काढला.

तीन वर्षांपूर्वी बोर्डाच्या परीक्षेत आपला गणिताचा निकाल घसरला. मराठी माध्यमाची पटसंख्या टिकवणे महाराष्ट्राबाहेर किती कठीण आहे, हे तुम्ही जाणता. निकाल एकदा घसरला की पुढच्या जूनमध्ये चार पालक दाखले मागायला येतात. त्या भीतीपोटी मी दहावीचे क्रीडेचे दोन्ही तास काढून गणिताला दिले. कोणी तक्रार केली नाही. क्रीडाशिक्षकांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि वेळापत्रक घेऊन गेले.

शर्यतीला आलेल्या संघात नववीतली एक मुलगी होती. तिचे नाव मी घेणार नाही. गुणपत्रकावर तिच्याविषयी ‘प्रयत्न वाढवणे आवश्यक’ असा शेरा दोनदा मी स्वतः लिहिला आहे. तिने दहा किलोमीटर एक्कावन्न मिनिटांत पूर्ण केले, पदक गळ्यात घातले आणि बाई अजून आल्या नाहीत म्हणून उलट्या दिशेने मला शोधायला निघाली. आठव्या किलोमीटरनंतर पुलाच्या चढावर ती भेटली आणि माझ्या शेजारून चालू लागली. हो, मी तेव्हा चालत होते.

‘तू इतका सराव कधी केलास गं?’ मी विचारले.

‘सराव नाही केला, बाई. संध्याकाळी आईचे डबे पोचवते ना. नऊ घरं आहेत. लिफ्ट दोनच ठिकाणी आहे.’

तिनेही ‘सराव नाही केला’ असेच म्हटले. ती नऊ घरे आणि माझ्या नऊ खुणा मी मनातल्या मनात शेजारी शेजारी ठेवल्या. थोडे पुढे गेल्यावर तिने, अगदी सहज, विचारले, ‘बाई, पुढच्या वर्षी दहावीत आमचा खेळाचा तास राहील का?’

मला धाप लागली होती, त्यामुळे उत्तर न देण्याला एक सोयीचे कारण होते. ते कारण मी वापरले. पुलाचा उतार लागला, आम्ही दोघी धावू लागलो, आणि बोलणे तिथेच राहिले. शेवटच्या रेषेजवळ मुलांनी एवढा गलका केला की पाहणाऱ्यांना मी पहिली आले असे वाटले असावे. मग सगळ्यांनी मिळून सेव-उसळ खाल्ली. मी दोन वेळा घेतली.

दुसऱ्या दिवशी पाय दुखले, तिसऱ्या दिवशी अधिक. जिना चढता येत होता. उतरताना कठडा धरून आडवे पाऊल टाकावे लागे. पाचवीची मुले खाली उभी राहून आदराने वाट देत होती. त्या तिसऱ्या दिवशी कार्यालयात बसून मी पुढील वर्षाच्या वेळापत्रकाचा कच्चा तक्ता काढला आणि दहावीचे दोन्ही तास क्रीडेकडे परत लिहिले. गणिताचा जादा वर्ग शाळा भरण्यापूर्वी, सात वाजून दहा मिनिटांनी ठेवला. तो गणिताच्या शिक्षकांसह मीही घेणार आहे. माझा विषय मराठी असला तरी दहावीची समीकरणे मला अजून सुटतात.

पालकसभेत यावर सर्वांचे एकमत झाले नाही. एक वडील उभे राहून म्हणाले, ‘बाई, धावून टक्के मिळत नाहीत.’ त्यांचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. त्यांनी कर्ज काढून मुलाची शिकवणी लावली आहे, आणि शेजारची इंग्रजी शाळा काय काय देऊ करते तेही त्यांना ठाऊक आहे. खेळल्याने गुण वाढतात असे आश्वासन मी त्यांना दिले नाही. मी एवढेच म्हटले की, त्या दोन तासांची जबाबदारी माझी. निकाल लागल्यावर हाच प्रश्न मला पुन्हा विचारा. ते आजही समोर बसले आहेत, आणि ते विचारतील याची मला खात्री आहे.

त्या मुलीला मी तिच्या वर्गात जाऊन उत्तर दिले. ती ‘बरं’ म्हणाली आणि वही काढू लागली. तिला त्यात विशेष काही वाटले नसावे.

जूनपासून दहावीचा क्रीडेचा तास मंगळवारी चौथा आणि शुक्रवारी शेवटचा असेल. आपले मैदान लहान आहे, त्याला बारा फेऱ्या मारल्या की दोन किलोमीटर होतात. शुक्रवारी मीही असते. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला यायचे असेल, तर फाटक उघडे ठेवण्यास शिपाईमामांना सांगितले आहे. बूट मात्र जुने घालून या.