मागच्या सीटलाही विचारा

आम्ही दोघी जावा मैंदर्गीहून बोलतोय. एरवी आमच्याकडून तुम्ही शेंगाचटणी नाहीतर कडक भाकरी ऐकता. आज गाडीच्या स्प्रिंगबद्दल सांगणार आहोत. हसू नका. त्या स्प्रिंगवर आमच्या घरातली पाच माणसं बसतात.

झालं असं. घरात जुनी चारचाकी एकच. चालवतो धाकटीचा मुलगा. दिवाळी झाली आणि त्यानं विषय काढला, "दोड्डव्वा, गाडी लो करायची. चार सेंटीमीटर खाली घेतली की बघा कशी रस्त्याला चिकटून दिसते." दोड्डव्वा म्हणजे थोरली. आणि थोरलीची लेक तेव्हाच पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, तपासणी सोलापूरला. आमच्या सासूबाईंच्या, अव्वांच्या, कंबरेचं दुखणं वेगळंच.

आम्ही लगेच नाही म्हटलं नाही. पोरगं कष्टाचं आहे, हौस त्यालाही असणारच. त्याच्या मित्राची गाडी लो केलेली होती, तिच्यातून अक्कलकोटला जाऊन आलो. पुढे दोघं मित्र, मागे आम्ही दोघी आणि मधे अव्वा. खोटं कशाला बोला, गुळगुळीत डांबरावर गाडी छान चालली, वळणावर झुकलीसुद्धा नाही. पण आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो. तिथं एकेक दणका थेट कंबरेत. पुढचे दोघं गप्पा मारत होते. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, हातात स्टिअरिंग असतं, तो अंग सावरून घेतो. मागे बसलेलीला कळतं ते दणका बसल्यावर. अव्वा दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत.

मग आम्ही एका जुन्या मेकॅनिकला विचारलं. त्यांनी आमच्याच भाषेत सांगितलं. चार इंची गादी मऊ असली तरी चालते. तीच दोन इंची केली तर आत कडक भरावी लागते, नाहीतर पाठ फरशीला टेकते. स्प्रिंगचं तसंच. गाडी खाली घेतली की चाकाला वर यायला जागा कमी उरते. तेवढ्या जागेत तोच धक्का थोपवायचा, म्हणून स्प्रिंग कडक लागते. कडक नसली तर आतल्या रबरी ठोकळ्यावर आदळते. साधी गाडी सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते, ते अंगाला सोसतं. बसलेल्या माणसाला सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांचा त्रास सगळ्यात जास्त होतो. स्प्रिंग जितकी कडक, तितकी गाडी त्या बाजूला सरकते.

काही ठिकाणी पैसे वाचवायला मूळ स्प्रिंगचा वेढाच कापून देतात. ते करू नका. सहा वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग सुमारे २० टक्के कडक होते, शिवाय तिचं टोक जागेवर नीट बसत नाही.

घरी येऊन आम्ही पट्टी घेतली. गाडीच्या पुस्तकात पोट जमिनीपासून १६ सेंटीमीटर उंच लिहिलेलं. पाच जण बसवले, डिकीत ज्वारीचं पोतं टाकलं. मागची बाजू पाच सेंटीमीटर खाली बसली. त्यातून आणखी चार काढायचे? नियमाचा गतिरोधक १० सेंटीमीटर उंच असतो, पण तो ३.७ मीटर लांबीत पसरलेला असतो, त्यामुळे गाडी हळूहळू चढते, हळूहळू उतरते. आपल्या गल्लीतले गतिरोधक हात-दीड हात रुंदीचे आणि उंच. पुढचं चाक उतरतं आणि अख्खा उंचवटा पोटाखाली येतो. मग चेंबर घासलं, सायलेन्सर घासला, की खर्च वेगळा.

कायद्याचीही गोष्ट आहे. नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते बजावलं. म्हणून काहीही बदलण्याआधी आरटीओत आणि विमावाल्यांना विचारा.

तरीही कुणाची हौस राहिलीच, रोजचा रस्ता चांगला असला आणि गाडीत बहुधा दोघंच असली, तर दोन सेंटीमीटरच्या पुढे जाऊ नका. स्प्रिंग त्याच मॉडेलसाठी बनवलेली घ्या. शॉकअबसॉर्बर तिला जुळणारे हवेत, नाहीतर गाडी उड्या मारते. नंतर चाकांचं अलाइनमेंट करा, नाहीतर टायर एका कडेनं झिजतात. हेडलाइटचा झोतही तपासा.

आमच्याकडे काय झालं? आम्ही मुलाला विचारलं, "बाळा, दिसण्याचं सोड, गाडी चालवताना तुला खटकतं काय?" तो म्हणाला, "वळणावर झुकते, खड्ड्यानंतर डुलत राहते." मेकॅनिकनं गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडला. एकदा वर येऊन गाडी थांबायला हवी. आमची तीन-चार वेळा डुलली. शॉकअबसॉर्बर संपले होते! लो करायला साठवलेल्या पैशांत चारही नवे बसवले. टायरमधली हवा दारावरच्या चिठ्ठीप्रमाणे ठेवली. झुकणं पुष्कळ कमी झालं, उंची तेवढीच राहिली. पोरगं थोडं खट्टू झालं, नाही म्हणत नाही. पण पोटुशी बहीण मागे बसली तेव्हा गतिरोधक आला की तोच म्हणायचा, "ताई, धर." आणि गाडी सावकाश काढायचा.

मैत्रिणींनो, गाडीचा रंग ठरवताना घरात सगळ्यांना विचारतात, स्प्रिंग ठरवताना मागच्या सीटला कुणी विचारत नाही. तुमच्या घरी हा विषय निघाला तर भांडू नका. हातात पट्टी घ्या, पाच जण बसवा, मोजा. आणि चालवणाऱ्याला एकदा मागे, मधे बसवून गल्लीतून फिरवून आणा. पुढचं तोच बोलेल.

येतो आम्ही. नमस्कार.