पहिलीचा वर्ग कोणत्या भाषेत?

2011च्या जनगणनेत सुमारे 30 लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली. इतके लोक बोलत असूनही तिला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही. भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा गोंडवनाचा मुलूख मध्य प्रदेश, महाराष्ट्र, आंध्र, ओडिशा असा वाटला गेला. प्रत्येक ठिकाणी गोंडी अल्पसंख्य ठरली आणि राज्यभाषा कुठेच झाली नाही. वास्तविक 1956च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम 350-अ भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे राज्यांना सांगते. बेळगावातल्या मराठी मुलांसाठी आपण हे कलम हक्काने पुढे करतो. मग भामरागडच्या गोंडी आणि मेळघाटच्या कोरकू मुलांना ते तितकेच लागू आहे, हेही आपल्याला मान्य करावे लागेल.

यावर पालकच विचारतात, की पुढे मराठी आणि इंग्रजीच लागणार, तर सुरुवात घरच्या भाषेत कशाला? ही काळजी खरी आहे, म्हणून तिचे उत्तर अनुभवातूनच द्यायला हवे. नायजेरियात इफे येथे 1970 साली प्रा. बाब्स फाफुन्वा यांच्या पुढाकाराने एक प्रयोग सुरू झाला. काही मुलांना प्राथमिकची सहाही वर्षे योरुबा या घरच्या भाषेतून शिकवले आणि इंग्रजी हा वेगळा विषय ठेवला. तिसरीनंतर इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांशी तुलना केली, तेव्हा योरुबातून शिकलेली मुले इतर विषयांत सरस ठरली आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत. याचे कारण समजण्यासारखे आहे. अक्षरातून अर्थ काढण्याची विद्या माणूस एकदाच शिकतो. ती ओळखीच्या शब्दांवर पक्की झाली, की दुसऱ्या भाषेत नेता येते. पहिलीतल्या गोंडी मुलावर मात्र वाचन आणि मराठी ही दोन्ही ओझी एकदमच पडतात. ते गप्प बसते, आणि गुरुजी त्याला मंद समजतात. कितीतरी बुद्धिमान मुले आपण अशी पहिल्या दोन वर्षांतच गमावतो, आणि विकासाच्या हिशेबात हे नुकसान कुठे मांडलेही जात नाही.

लिपीचा आणि खर्चाचा आक्षेप मला फारसा भारी वाटत नाही. गोंडीच्या स्वतःच्या लिप्या आहेत, देवनागरीही चालते. तो वाद मिटेपर्यंत पहिलीचा वर्ग थांबवायचे कारण नाही. ओडिशाने 2006-07 पासून दहा आदिवासी भाषांत वर्ग सुरू करून ते शक्य असल्याचे दाखवले आहे. खरी अडचण शिक्षकाची आहे. पुस्तक वर्षभरात छापून होते, पण वर्गात गोंडी बोलणारा शिक्षक नसेल तर ते कपाटातच राहते. म्हणून एटापल्ली, भामरागड, धारणीच्या शाळांत नेमणूक करताना उमेदवाराला त्या गावची भाषा येते का, हे आधी पाहिले जावे. आणि ती येणाऱ्या तिथल्याच तरुण-तरुणींना शासनाने शिक्षणशास्त्र पदविकेपर्यंत स्वतःच्या खर्चाने शिकवावे.